ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचा ओठ दुभंगत नाही

गरोदर बाईने ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून बाळाचा ओठ दुभंगला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. या समजापायी एखाद्या आईला आयुष्यभर बोल लावणं हा तर उघड अन्याय आहे.

गर्भाचा वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो, टाळू, म्हणजे तोंडाचं आतलं छत, साधारण बाराव्यापर्यंत. म्हणजे सातव्या महिन्यातल्या ग्रहणात काहीही चिरलं, तरी ओठ कधीच घडून गेलेला असतो. कित्येकींना तर तो जुळताना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं.

ओठ घडताना गर्भाच्या चेहऱ्याचे उंचवटे एकमेकांना भिडून सांधले जातात, त्यामागे अनेक जनुकं असतात. त्यांपैकी एक आयआरएफ-६, पहिल्या गुणसूत्रावरचं. त्याचं प्रथिन इतर जनुकं चालू-बंद करतं आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी घडवतं. २००२ मध्ये त्यातला दोष सापडायला मदत झाली ती एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची. एकाला व्हॅन डर वूड सिंड्रोम हा जन्मजात विकार, दुसऱ्याला नाही; दोघांच्या जनुकांतला फरक शोधताना हा दोष हाती लागला. आई एकच, गर्भारपणही एकच! या सिंड्रोममध्ये ओठ किंवा टाळू दुभंगू शकते, खालच्या ओठावर बहुधा बारीक खळगे दिसतात. आणि हा दोष वडिलांकडूनही येतो.

बहुतेक बाळांच्या बाबतीत मात्र कारण एकच नसतं. आईचं धूम्रपान, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, फिटवरची काही औषधं यांनीही धोका वाढतो. औषधं मनाने बंद करू नयेत. मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोलावं.