घटना शिकवणारे प्राध्यापक आणि वकिलीची सनद : पार्श्वभूमी

राज्यघटनेवरचा एखादा मोठा निकाल आला की कायद्याच्या प्राध्यापकांचे लेख वर्तमानपत्रांत येऊ लागतात. कित्येकदा निकालपत्रातच त्यांच्या ग्रंथांचे दाखले असतात. पण पूर्णवेळ प्राध्यापकाला त्याच खटल्यात वकीलपत्र घालून न्यायमूर्तींसमोर उभे राहता येत नाही. नोकरीवर रुजू झाला की त्याची वकिली थांबते. ही फारकत कशी झाली आणि तिच्यामुळे आपल्याकडे घटना शिकवायला कोण येते, याचा हा मागोवा.

पूर्वी अशी फारकत नव्हती. मुंबईत 1855 पासून आणि पुण्यात 1924 पासून कायद्याचे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. त्यांचे वर्ग कोर्ट उघडण्याआधी सकाळी किंवा कोर्ट सुटल्यावर संध्याकाळी भरत, आणि शिकवणारे बहुतेक प्रॅक्टिस करणारे वकील-बॅरिस्टरच असत. घटनात्मक कायदा म्हणून इंग्लंडची संसदीय परंपरा आणि 1919 व 1935 चे भारत सरकार कायदे शिकवले जात. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर मुंबईच्या त्याच सरकारी महाविद्यालयात शिकवत होते आणि 1935 साली तिथले प्राचार्य झाले. न्यूयॉर्क आणि लंडनच्या त्यांच्या डॉक्टरेट मात्र अर्थशास्त्रातल्या. कायद्याची पात्रता बॅरिस्टरीची. समितीच्या सात सदस्यांत नामवंत वकील होते, प्रशासनात मुरलेली माणसे होती, पण निव्वळ घटनात्मक कायदा शिकवून उपजीविका करणारा एकही नव्हता. असा व्यवसायच तेव्हा देशात रुजलेला नव्हता.

तो रुजला स्वातंत्र्यानंतर, आणि टीकेतून रुजला. विद्यापीठीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 1948-49 च्या आयोगाने कायद्याच्या महाविद्यालयांना देशात वा परदेशात मान नाही, असे स्पष्ट लिहिले. न्यायव्यवस्थेच्या सुधारणांवरचा 1958 चा अहवाल त्याहून कडक होता. दोन्हींचा रोख एकाच गोष्टीवर होता : फावल्या वेळात शिकवणारे वकील. त्यानंतर पूर्णवेळ अध्यापकांची मागणी वाढली. दिल्लीत 1956 मध्ये कायद्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली, अमेरिकी प्रतिष्ठानाचा पैसा आला आणि तरुण अध्यापक पदव्युत्तर पदवीसाठी व डॉक्टरेटसाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांत जाऊ लागले. परतलेली ही पिढी ग्रंथ लिहीत होती, निकालांची उघड चिकित्सा करत होती. कोर्टाच्या पायऱ्यांशी मात्र तिचा रोजचा संबंध उरला नव्हता.

या फारकतीचे मूळ 1961 च्या अधिवक्ता कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे. वकिलांच्या नियामक संस्थेच्या 49 व्या नियमानुसार, प्रॅक्टिस करत असताना वकिलाने कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता कामा नये. पुढे 1979 मध्ये केंद्र सरकारने याच कायद्याखाली एक सवलत दिली. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला विद्यापीठाशी संलग्न संस्थेत कायदा शिकवता येईल, फक्त शिकवण्याचा वेळ दिवसाला तीन तासांहून जास्त नसावा. ही मर्यादा पाळली तर नोकरीला नाव काहीही दिलेले असो आणि पगार ठोक असो वा वेतनश्रेणीतला, ती अर्धवेळच मानली जाईल, असेही त्यात म्हटले आहे.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाचे निकष घ्या. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास आणि प्राध्यापकाला 14 तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. सहा दिवसांवर विभागले तर एकाचेही रोजचे तीन तास भरत नाहीत. म्हणजे नियमाची अक्षरे पाहिली तर वेतनश्रेणीतला पूर्णवेळ प्राध्यापकसुद्धा अर्धवेळ ठरतो आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, ठेवू शकतो. दिल्लीतले काही अध्यापक असेच मानून सनद ठेवून होते. प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेले आणि 2002 मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. 1979 ची सवलत शिकवणाऱ्या वकिलांसाठी आहे, वकिली करणाऱ्या अध्यापकांसाठी नाही, असा त्याचा आशय. अध्यापकाचे काम तासिकेपुरते नसते. वाचन, संशोधन, परीक्षा, विद्यार्थ्यांना वेळ देणे हे सगळे धरून त्याचा आठवडा 40 तासांचा असतो. शिवाय त्याआधी 1996 मध्ये, शस्त्रक्रिया करणाऱ्या मुंबईच्या एका डॉक्टरला सनद नाकारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला होता. वकिली पूर्ण लक्ष मागते, दुसरा व्यवसाय सांभाळून ती करता येणार नाही, हे तत्त्व तेव्हाच ठरून गेले होते.

या निकालामागची काळजी खोटी म्हणता येत नाही. दुपारच्या सुनावणीसाठी तास बुडवणारे प्राध्यापक विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहेत. पण घटनेच्या अध्यापकाला जिल्हा न्यायालयात रोज उठून तारखा घ्यायच्या नसतात. वर्षातून एखाद्या घटनात्मक याचिकेत बाजू मांडायची त्याची इच्छा असते, आणि ती तयारी पुन्हा वर्गातच उपयोगी पडते. कुटुंब न्यायालयातली रोजची प्रॅक्टिस आणि वर्षातली एक याचिका यांत नियम काहीच फरक करत नाही. माझ्या मते खरा दोष इथे आहे, आणि तो 2002 च्या निकालापेक्षा मूळ नियमातला आहे.

जर्मनीत हाच प्रश्न नेमका उलट्या बाजूने सोडवला आहे. तिथल्या घटना न्यायालयाच्या कायद्यानुसार न्यायाधीशाला दुसरा कोणताही व्यवसाय करता येत नाही. अपवाद एकच, जर्मन विद्यापीठात कायदा शिकवण्याचा. त्या न्यायालयापुढे पक्षकाराची बाजू वकिलाप्रमाणेच विद्यापीठातला कायद्याचा अध्यापकही मांडू शकतो. त्यामुळे घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक न्यायासनावर असणे तिथे नेहमीचे आहे. आपल्या घटनेच्या इतिहासातला एक मोठा धागाही तिथूनच येतो. हायडेलबर्गच्या एका अध्यापकाने फेब्रुवारी 1965 मध्ये बनारसच्या विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराला असलेल्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिले. संसदेला घटनेतले काहीही, अगदी घटनाच, दुरुस्तीच्या नावाखाली रद्द करता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. दोन वर्षांनी तो युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात मांडला गेला, आणि घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही असे ठरवणाऱ्या 1973 च्या निकालात एका न्यायमूर्तींनी त्याच्या लेखनाचा आधार घेतला. आपल्या न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्याला अर्थातच नव्हता. मांडणी वर्गातली होती आणि कोर्टात ती एका वकिलाने नेली.

आपल्याकडच्या अध्यापकांनी वकीलपत्राविना मार्ग शोधले. विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली, तेव्हा दिल्ली आणि पुण्याच्या चार कायदा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि निमूटपणे सोसणे यांतला फरक निकालाने पुसला, असे त्यांनी ठणकावून सांगितले. निकाल बदलला नाही, पण 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात संमतीबाबतचा पुराव्याचा भार उलटा, म्हणजे आरोपीवर, आला. आग्र्याच्या महिला सुरक्षागृहातल्या हालअपेष्टांवर दिल्लीच्या दोन अध्यापकांनी 1981 मध्ये लिहिलेले पत्र तर न्यायालयाने याचिका म्हणूनच दाखल करून घेतले.

पुण्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथल्या अर्थशास्त्र व राज्यशास्त्राच्या संशोधन संस्थेतले एक प्राध्यापक बिहारच्या अध्यादेशांचा माग काढत बसले. ते कायद्याचे प्राध्यापक नव्हते. त्यांना आढळले की 1967 ते 1981 या काळात तिथल्या राज्यपालांनी 256 अध्यादेश काढले. विधिमंडळात विधेयक न मांडताच तेच अध्यादेश पुन्हा पुन्हा जारी केले जात होते, आणि त्यांतले काही अशा रीतीने 14 वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. ते स्वतः याचिकाकर्ते झाले. डिसेंबर 1986 मध्ये घटनापीठाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि त्यांच्या संशोधनाची दखल घेऊन सरकारला त्यांना 10,000 रुपये खर्चापोटी द्यायला सांगितले. ज्या निकालावर घटनेच्या वर्गात आजही हमखास प्रश्न येतो, त्याची मेहनत कायद्याच्या विभागाबाहेरची आहे. घटनेच्या अध्यापकाची पार्श्वभूमी ठरवताना एलएलएमवर, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीवर, अडून बसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

न्यायासनाकडे जाणारी वाट कागदावर 1949 पासून आहे. त्या वर्षी 24 मे रोजी संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडच्या एका सदस्याने दुरुस्ती सुचवली, आणि राष्ट्रपतींच्या मते विख्यात असलेल्या विधिवेत्त्यालाही सर्वोच्च न्यायालयावर नेमता येईल अशी तरतूद अनुच्छेद 124 मध्ये आली. अमेरिकेत 1939 साली हार्वर्डच्या एका प्राध्यापकाला थेट सर्वोच्च न्यायालयात नेमले गेले होते. तसे इथेही व्हावे, ही अपेक्षा होती. आजवर त्या तरतुदीखाली एकाही अध्यापकाची नेमणूक झालेली नाही. उच्च न्यायालयांसाठी अशीच तरतूद 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आली आणि 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने गेली.

अलीकडच्या काळात पात्रतेचे नियमच वारंवार बदलत आहेत. बंगळुरूत 1988 पासून पाच वर्षांचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला, त्याच धर्तीवर इतर राज्यांतही विधी विद्यापीठे निघाली, आणि तिथे परदेशी पदव्युत्तर पदवी घेतलेल्या तरुणांची भरती वाढली. बाकीच्या महाविद्यालयांत ठरलेली वाट म्हणजे 55 टक्क्यांसह एलएलएम, मग नेट किंवा सेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा, मग जमल्यास पीएचडी. विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची करण्याचे 2018 मध्ये ठरले, ती सक्ती पुढे ढकलली गेली आणि जुलै 2023 मध्ये काढून टाकली. एका वर्षाच्या एलएलएमचे असेच झाले. अनुदान आयोगाने तिला मान्यता दिल्यावर वकिलांच्या नियामक संस्थेने 2021 च्या सुरुवातीला ती बंद करण्याचे नियम काढले, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. शिक्षणाचे नियामक एक म्हणतात, व्यवसायाचे नियामक दुसरे, आणि मध्ये अध्यापक होऊ पाहणारा विद्यार्थी अडकतो.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत या सगळ्याचा परिणाम तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधनाच्या, नेमणुकांत दिसतो. तीन तासांच्या आतले काम असल्याने तरुण वकील सनद सांभाळून शिकवू शकतात. सकाळी मूलभूत हक्कांचा तास घेऊन ते कोर्ट गाठतात. त्यांच्याकडे ताजा अनुभव असतो, पण नोकरीची शाश्वती नसते, संशोधनाला वेळ नसतो. शाश्वती आणि वेळ ज्यांच्याकडे आहे, त्यांची सनद थांबलेली आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये आणखी एक भर पडली. आपल्या क्षेत्रात वरिष्ठ पातळीवर किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला औपचारिक पदवीची अट न लावता विद्यापीठात प्राध्यापक म्हणून घेता येईल, असे अनुदान आयोगाने जाहीर केले. मर्यादा मंजूर पदांच्या 10 टक्के, मुदत साधारण तीन वर्षे. त्यामुळे नेट नसलेले ज्येष्ठ वकील आता घटना शिकवायला येऊ शकतात. पूर्णवेळ प्राध्यापकाला कोर्टात जाऊ देण्यासाठी 49 व्या नियमात मात्र बदल झालेला नाही.