इग्निशन टायमिंग आणि डिस्ट्रिब्युटर : कोकणातील जुन्या पेट्रोल मोटारी

इग्निशन टायमिंग म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) किती अंशांवर प्लगची ठिणगी पडावी याचा मेळ. जुन्या पेट्रोल मोटारींत तो डिस्ट्रिब्युटर राखतो. ठिणगी कधी पडायची हे त्याच्या पोटातले पॉइंट (उघडझाप करणारी संपर्काची टोके) ठरवतात आणि कोणत्या सिलिंडरला द्यायची हे रोटर, म्हणजे कॅपखाली (वरच्या झाकणाखाली) फिरणारा हात. बॅटरी आणि तिच्या विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलवर चालणारी ही पद्धत अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. भारतात अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल जीप आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या साऱ्या डिस्ट्रिब्युटरवरच चालल्या. २००० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले, फ्युएल इंजेक्शन आले आणि नव्या गाड्यांतून तो हळूहळू गेला. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची मुदत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. कोकणात मात्र पडवीशेजारी ताडपत्रीखाली ठेवलेली आणि गणपतीत, शिमग्यात बाहेर निघणारी एखादी पद्मिनी किंवा जीप अजून भेटते, आणि तिची दुरुस्ती करणारा मेस्त्रीही.

ठिणगी आधी का पाडायची, हे आकड्यांत लवकर कळते. पेट्रोलचे मिश्रण पेटून दाब तयार व्हायला दोन मिलिसेकंद लागतात असे धरू. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर तेवढ्या वेळात क्रँक जेमतेम १० अंश फिरतो, ३,००० फेऱ्यांवर तो ३६ अंश फिरतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडावी लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरमधली स्प्रिंगवाली वजने करतात. त्यांच्या जोडीला व्हॅक्यूमचा पडदा असतो. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी सपाटीवर चालली असेल तेव्हा तो थोडी भर घालतो. चढावर पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जातो आणि ती भरही जाते.

किनारपट्टीवर ‘टायमिंग गेलं’ ही तक्रार पावसाळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ती खरी नसते. क्लॅम्पचा बोल्ट घट्ट असेल तर डिस्ट्रिब्युटर आपल्या जागेवरून हलत नाही. हलते ते बाकीचे सगळे. जून ते सप्टेंबरच्या दमट खाऱ्या हवेत कॅपच्या आत दव धरते, पितळी टोकांवर हिरवट थर चढतो, अ‍ॅल्युमिनियमच्या टोकांवर पांढरी भुकटी येते. कॅपच्या आतून केसाएवढी काळी रेघ गेलेली दिसली तर करंटने तिथून चोरवाट काढली आहे असे समजावे. ती खरवडून गाडी चालू होते, पण काही दिवसच. कॅप बदलावीच लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर फुटक्या वायरींवरून निळसर ठिणग्या पळताना दिसतात. ही तपासणी फुकट आहे आणि टायमिंग लाइटच्या (ठिणगीसोबत लुकलुकून टायमिंगची खूण दाखवणाऱ्या दिव्याच्या) आधी करायची आहे. कॅप कोरड्या सुती फडक्याने पुसावी. पेट्रोलने पुसून लगेच स्टार्टर मारणे धोक्याचे आहे. आत वाफ साठून भडका उडू शकतो.

यानंतर पॉइंट. त्यांची फट साधारण ०.४ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. शाफ्टवरच्या कॅमवर (उंचवट्यांवर) घासणारी पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. फट वाढवली तर उलट, ठिणगी आधी सरकते. म्हणजे फट आणि टायमिंग एकमेकांत अडकलेले आहेत, आणि क्रम ठरलेला आहे : आधी फट, मग टायमिंग. उलट केले तर दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात. पॉइंट वारंवार काळे पडत असतील किंवा त्यांच्यात मोठी निळी ठिणगी दिसत असेल तर पॉइंटमधली ठिणगी दाबणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्यावा.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला असेल तर मात्र प्रकरण खरोखर टायमिंगचे असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या एका फेरीत पिस्टन दोनदा वर येतो : एकदा मिश्रण दाबताना, एकदा जळलेला धूर बाहेर ढकलताना. क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. खूण पाहून डिस्ट्रिब्युटर बसवला आणि नेमकी दुसरी वेळ धरली, तर रोटर १८० अंश उलटा बसतो. गाडी सुरू होत नाही, कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके मात्र वाजतात. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवावे. इंजिन हाताने फिरवताना बोट हवेने उचलले गेले की ती दाबाची फेरी. अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे, त्यामुळे तिथे आणखी एक खूण मिळते. चौथ्या सिलिंडरचे एक व्हॉल्व बंद होत असताना दुसरे उघडत असेल, तर पहिला सिलिंडर दाबाच्या टोकाला आहे. मारुती ८०० तीन सिलिंडरची, क्रम १-३-२. तिथे ही जोडी जमत नाही, बोटच बरे.

गिअरवर चालणारा डिस्ट्रिब्युटर खाली बसताना तिरप्या दात्यांमुळे रोटर थोडा वळतो. तेवढा वळसा आधी मागे धरूनच तो सोडावा लागतो. गिअरला १२ दाते असतील तर एक दात चुकल्यास रोटर ३० अंश आणि क्रँकच्या हिशेबाने तब्बल ६० अंश फरक पडतो. बॉडी कितीही फिरवली तरी तो सहसा भरून निघत नाही, व्हॅक्यूमचा डबा ब्लॉकला अडतो. काढण्यापूर्वी रोटरचे तोंड आणि बॉडीची जागा अशा दोन खुणा खडूने केल्या आणि मधल्या काळात इंजिन फिरवले नाही, तर यातले काहीच उद्भवत नाही.

बारीक जुळणीसाठी टायमिंग लाइट नसली तरी चालते. इंजिन पुस्तकातल्या अंशावर ठेवावे, इग्निशन चालू करावे आणि डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीचे टोक व अर्थ यांच्यामध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प जोडावा. बॉडी हळूहळू फिरवताना दिवा पेटेल तोच पॉइंट उघडण्याचा क्षण. रोटरच्या दिशेविरुद्ध बॉडी फिरवली की ठिणगी आधी पडते, दिशेने फिरवली की उशिरा. अ‍ॅम्बॅसेडरचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो. बॉडीचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, म्हणून हात अगदी हलका हवा. लाइट वापरायची असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे.

कोकणात या जुळणीची खरी परीक्षा घाट घेतो. रत्नागिरीहून आंबा घाट, चिपळूणहून कुंभार्ली, सावंतवाडीहून आंबोली : समुद्रसपाटीजवळून थोड्याच अंतरात सहा-सातशे मीटरची चढण. गावात गोड चालणारी गाडी इथे जड गिअरमध्ये टकटक वाजू लागली, तर ठिणगी फार आधी पडते आहे. अशी गाडी हँडल मारतानाही उलटा झटका देते, म्हणून अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा. उलट, गाडी उचलत नसेल, तापत असेल आणि सायलेन्सर भडभडत असेल तर ठिणगी उशिरा. जुने मेस्त्री चढावर पाय पूर्ण दाबून किंचित नॉकिंग (तीच टकटक) ऐकू येईपर्यंत ठिणगी पुढे घेतात आणि मग केसभर मागे आणतात. ही रीत कच्ची म्हणता येणार नाही. पुस्तकातले आकडे त्या काळच्या पेट्रोलसाठी लिहिलेले होते.

आयडलला खूण जुळते पण रेस केल्यावर पुढे सरकत नाही, हा दोष पाणी शिरलेल्या गाड्यांत हमखास शोधावा. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचा पूर आला तसे गढूळ पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये गेले, की खालची वजने गंजून चिकटतात. रोटर हाताने त्याच्या दिशेला पिळून सोडावा. तो स्प्रिंगने परत आला पाहिजे. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून जिभेने धरली तर पॉइंटची प्लेट सरकून तिथेच राहायला हवी. परत आली तर पडदा फाटला आहे. खूण स्थिर न राहता मागेपुढे नाचत असेल तर शाफ्टचा बुश (तो ज्यात फिरतो ती कडी) झिजला आहे, आणि तो बदलेपर्यंत टायमिंग लावण्यात अर्थ नाही.

पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक पिकअप (न घासता ठिणगीची वेळ ओळखणारा सेन्सर) बसवण्याची पद्धत आता रुळली आहे. फटीची आणि टाचेच्या झिजेची कटकट त्याने संपते. कॅप, रोटर आणि वायरी मात्र त्याच राहतात, त्यामुळे पावसाळ्यातली पुसापुशी चुकत नाही.