चिनी चहा : वर्गीकरण आणि प्रक्रिया

चीनमध्ये चहाचे सहा वर्ग मानतात : हिरवा, पिवळा, पांढरा, ऊलोंग, लाल आणि काळा. झाड मात्र एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. लहान पानांचा सायनेन्सिस आणि मुख्यतः युन्नान प्रांतातला मोठ्या पानांचा आसामिका हे त्याचे दोन प्रमुख प्रकार. एकाच झुडपाच्या पानांपासून सहाही चहा करता येतात. खुडल्यावर पानाचे काय केले यावरून वर्ग ठरतो. ही मांडणी आनह्वेइ प्रांतातील कृषिशास्त्रज्ञ छन छ्वान यांनी १९७९ मध्ये केली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच सहा वर्ग आहेत.

नावांचा घोळ आधी सोडवलेला बरा. आपला कोरा चहा चीनमध्ये ‘लाल’ (होंगछा) ठरतो, कारण तिथे तो पाण्याच्या रंगावरून ओळखतात. इंग्रजांनी पत्तीचा रंग पाहून त्याला काळा म्हटले. चीनचा ‘काळा’ (हेइछा) ही निराळीच चीज आहे.

पानातील पॉलिफेनॉले (तुरटपणा देणारी द्रव्ये) आणि त्यांचे ऑक्सिडीकरण घडवणारे विकर (एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान चुरगळले की दोन्ही एकत्र येतात आणि चिरलेले वांगे काळे पडावे तसे पान तांबूस होते. धंद्यात याला सर्रास ‘आंबवणे’ म्हणतात. प्रत्यक्षात काळा चहा वगळता यात सूक्ष्मजीवांचा फारसा संबंध नाही.

हिरव्या चहात हे विकर सुरुवातीलाच उष्णतेने मारतात. या पायरीला शाछिंग म्हणतात. बहुतेक ठिकाणी पाने तापल्या कढईत परततात; हूपेइ प्रांतातील अनशी यूलू या चहाची पाने वाफवतात. पान दोन-तीन मिनिटांत ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जायला हवे. कढई थंड असली किंवा घाणा मोठा घेतला तर पान ४०–५० अंशांवर रेंगाळते, तिथे विकर उलट जोमात काम करते आणि देठ लाल पडतात. कढई फार तापली तर कडा करपतात नि मधला भाग कच्चा राहतो. हांगचौच्या लोंगजिंगसाठी पाने आधी ६ ते १२ तास पातळ पसरून ठेवतात. ओलावा साधारण ७० टक्क्यांवर येतो, गवताळ वास कमी होतो. मग दोन वेळा कढई. पहिल्या वेळी विकर मरते आणि पान चपटे होऊ लागते. तासभर निववल्यावर दुसऱ्या वेळी, कमी आचेवर, तळहाताने दाबत वाळवतात. उत्तम प्रतीचा घाणा शंभर-दीडशे ग्रॅम पानांचाच असतो. एक किलो चहाला चार-साडेचार किलो पाने लागतात.

पिवळा चहा म्हणजे हिरव्यातच एक जास्तीची पायरी : भाजलेली, अजून दमट पाने कागदात गुंडाळून दडपून ठेवणे. हूनानच्या जुनशान यिनजनला दोन खेपांत मिळून सुमारे तीन दिवस लागतात. श्रम बरेच नि गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे पिवळा म्हणून विकला जाणारा पुष्कळसा माल चवीला हिरवाच असतो.

फूजियानमधील फूदिंग आणि जंगहचा पांढरा चहा भाजत नाहीत, वळतही नाहीत. तो ३६ ते ७२ तास कोमेजू देतात आणि वाळवतात. हवा दमट असली तर पान काळवंडते. ‘आनजी पांढरा चहा’ या वर्गातला नव्हे. फिकट पानांच्या वाणाचा तो हिरवा चहा आहे.

कौशल्याचा खरा कस ऊलोंगमध्ये लागतो. उन्हात थोडी मलूल केलेली पाने बांबूच्या सुपात किंवा पिंपात हलवायची, मग तास-दोन तास स्वस्थ ठेवायची. असे रात्रभर चार ते आठ वेळा. हलवताना कडा ठेचतात आणि तेवढ्याच लाल होतात. विसाव्यात देठातले पाणी पानात चढते आणि पान पुन्हा ताठ होते. जास्त झोडपले तर शिरा तुटतात, पाणी चढत नाही आणि चहा तुरट होतो. सुवास गवताचा जाऊन फुलाफळांचा आला की लगेच भाजायचे. ही वेळ घड्याळावर ठरत नाही. फूजियानमधल्याच आनशीचा त्येग्वानयिन आणि वूयी डोंगरांतले चहा याच वर्गातले. वूयीचे शेवटी कोळशावर सावकाश शेकतात.

लाल चहात पान कोमेजवून (ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास) जोराने वळतात, दमट खोलीत काही तास ठेवतात, मग कडक वाळवतात. वाळवायला उशीर झाला की आंबूस वास येतो.

काळ्या चहात सूक्ष्मजीव काम करतात. युन्नानच्या पूअर चहाचे पिकवलेला आणि कच्चा असे दोन प्रकार. पिकवलेल्याची कृती कुनमिंगमध्ये १९७३ च्या सुमारास बसवली गेली : उन्हात वाळवलेल्या पत्तीवर पाणी शिंपडून सुमारे मीटरभर उंच ढीग रचायचा आणि दीड-दोन महिने अधूनमधून उलथायचा. आतले तापमान ६५ अंशांच्या वर गेले तर गाभा कोळसा होतो. ढीग थंड राहिला तर आंबट होतो. कच्चा पूअर कमी आचेवर भाजून उन्हात वाळवतात, त्यामुळे त्याला हिरवा म्हणावे की काळा, हा वाद अजून मिटलेला नाही.

जाईचा म्हणून विकला जाणारा सुगंधी चहा या सहांबाहेरचा, पुनर्प्रक्रिया केलेला. त्यातले फूल म्हणजे आपला मोगराच. दुपारी खुडलेल्या कळ्या संध्याकाळी उमलू लागल्या की हिरव्या पत्तीत मिसळतात. ढीग तापला की मध्येच पसरून निववतात, नाहीतर फुले उकडल्याचा वास चहाला लागतो. सकाळी फुले चाळून टाकायची, चहा पुन्हा वाळवायचा, आणि ताज्या कळ्यांनी हेच पुन्हा. चांगल्या मालाला पाच-सहा वेळा.