खारा वारा आणि विमानाचा पत्रा

हर्णै किंवा मालवणच्या बंदरात ओढून ठेवलेल्या ट्रॉलरच्या तळाशी, पंख्याजवळ, जस्ताच्या वड्या बोल्टने बसवलेल्या दिसतात. त्या झिजल्या की नव्या लावायच्या. जस्त खाल्लं जातं म्हणून शेजारचा धातू वाचतो. विमानाच्या पत्र्यातही हीच युक्ती आहे. चिपी, रत्नागिरी, गोव्यातली दाबोळी, जुहू, आता नवी मुंबई, अशा खाऱ्या वाऱ्यातल्या धावपट्ट्यांवर मेकॅनिक व्हायला निघालेल्यांनी तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी. परीक्षेच्या तयारीत करोजनचा, म्हणजे धातू खाल्ला जाण्याचा, धडा ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतो. किनाऱ्यावर नोकरी लागली की तोच आधी पुढे येतो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा हा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या पस मॉथ विमानाचा सांगाडा वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचा होता, पंख लाकडाचे आणि वर डोप (ताणून कडक करणारं लुकण) लावून ताणलेलं कापड. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, म्हणून सेवा पुण्याला हलवावी लागे. विमान सांभाळणारा माणूस थोडा सुतार, थोडा शिंपी आणि थोडा फिटर असे. त्याला तेव्हा ‘ग्राउंड इंजिनियर’ म्हणत. ब्रिटिश पद्धतीच्या त्याच्या लायसन्सला अक्षरं असत: सांगाड्यासाठी ए आणि बी, इंजिनसाठी सी आणि डी, उपकरणांसाठी एक्स. 1934 चा विमान कायदा आणि 1937 चे नियम आले आणि भारतात अशा लायसन्सधारकांच्या सह्यांना पक्की चौकट मिळाली. 1934 च्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे.

मग लाकूड गेलं आणि ड्युरॅल्युमिन आलं. 1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना आढळलं की, ॲल्युमिनियममध्ये सुमारे 4 टक्के तांबं घालून, तापवून एकदम थंड केलं, तर तो धातू पुढचे काही दिवस आपोआप कडक होत जातो. बळ आलं, पण त्याच तांब्याने घात केला. तांब्याचे कण आणि भोवतालचं ॲल्युमिनियम यांच्यात खारट ओल शिरली की बारीक बॅटरीच तयार होते आणि पत्रा कणांच्या सीमेवरून आतल्या आत खाल्ला जातो. यावर 1920 च्या दशकात अल्क्लॅड पत्रा निघाला. मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर द्यायचा, तोच आधी झिजतो. ट्रॉलरवरची जस्ताची वडी ती हीच. म्हणून पत्र्यावर साध्या शिसपेन्सिलीने खूण करायची नसते, कारण ग्राफाइट राहिलं की तिथेच करोजन सुरू होतं. चकाकीसाठी पॉलिश घासत बसणंही वाईट. त्यात थरच निघून जातो.

28 एप्रिल 1988 ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग 737 चं सुमारे साडेपाच मीटर छप्पर 24 हजार फुटांवर उडून गेलं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. विमान 19 वर्षांचं होतं, पण बेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे उड्डाणं मात्र 90 हजारांच्या घरात गेली होती. पत्र्यांच्या जोडातला चिकट थर ओलीने सुटला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि एकाच ओळीतल्या अनेक भोकांपासून बारीक तडे गेले. या अपघातानंतर जुन्या विमानांसाठी करोजन-नियंत्रणाचे वेगळे कार्यक्रम सक्तीचे झाले. मुंबई-गोवा पट्ट्यातल्या छोट्या फेऱ्या बघितल्या की हे प्रकरण परकं वाटत नाही.

प्रत्यक्ष कामात शोध कुठे घ्यायचा? टॉयलेट आणि गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) यांच्याखालची फरशी, बॅटरीचा ट्रे, चाकांची खोबणी, कंट्रोल सरफेसच्या (विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांच्या) बिजागऱ्या, बुजलेली ड्रेन होल्स (पाणी निघून जायची भोकं). रंगाखाली फुगवटा किंवा रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली की रंग काढून बघायचं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कागद किंवा नायलॉन पॅड वापरायचा. स्टील वूल कधीच नाही, कारण तिचे कण पत्र्यात रुततात आणि पुन्हा तोच खेळ. घासून झालं की डेप्थ गेजने खोली मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायची. मर्यादा ओलांडली तर रंग लावून झाकणं हा गुन्हाच, तिथे रिपेअर लागतो. मर्यादेत असेल तर कडा सौम्य उतरत्या करून केमिकल कोटिंग, मग प्राइमर, मग रंग.

इंजिनाचं दुखणं आणखी वेगळं. मुंबई हायच्या तेलफलाटांवर जाणारी जुहूची हेलिकॉप्टरं समुद्रावरून उडतात, तेव्हा काँप्रेसरच्या (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांवर मीठ बसतं, जोर घटतो, तापमान चढतं. मिठातला सोडियम आणि इंधनातला गंधक मिळून बनलेलं सोडियम सल्फेट टर्बाइनची पाती खातं. त्यामुळे इग्निशन बंद ठेवून, स्टार्टरने इंजिन फिरवत, डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने धुतात. स्टार्टर किती सेकंद फिरवायचा याची मर्यादा पाळली नाही तर तोच जळतो. आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी चालणार नाही, ते स्वतःच खारट असू शकतं.

आजच्या सीएआर-66 पद्धतीत, म्हणजे विमान-मेकॅनिकच्या लायसन्सच्या नियमांत, टर्बाइन विमानांसाठी बी1.1, टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी बी1.3 आणि एव्हिऑनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी) बी2 आहे. परीक्षेत करोजन मॉड्यूल 6 मध्ये येतं, काढण्याची पद्धत 7 मध्ये. उत्तीर्ण व्हायला 75 टक्के लागतात. लायसन्स हातात आलं तरी त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग (त्या जातीच्या विमानाची वेगळी मान्यता) नसेल तर मोठ्या विमानाच्या रिलीजवर, म्हणजे ते उडायला सोडण्याच्या कागदावर, सही करता येत नाही. प्रत्यक्ष कामाची नोंदवही मात्र रोजच्या रोज भरून सही घ्यावी, वर्षभराने आठवणीतून लिहिलेली वही प्रश्न उभे करते.

मॉड्यूल 9, म्हणजे मानवी घटक, कोरडं वाटतं. 2 ऑक्टोबर 1996 ला पेरूचं बोईंग 757 लिमाजवळ समुद्रात कोसळलं, 70 जण गेले. धुऊन-पुसून झाल्यावर स्टॅटिक पोर्टवरची (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवरची) चिकटपट्टी तशीच राहिली होती, त्यामुळे वैमानिकांना उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसत होते. म्हणून विमान धुण्याआधी पोर्टवर लाल झेंडी असलेलीच कव्हर लावतात, किती लावली ते लिहून ठेवतात, आणि काढताना तेवढीच मोजतात.