नेटवर्क स्विचची निवड : वाढत्या व्यवसायासाठी

नेटवर्क स्विच : एका आवारातील संगणक, प्रिंटर, कॅमेरे, फोन, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, बायोमेट्रिक हजेरीयंत्रे आणि सर्व्हर केबलने एकमेकांशी जोडणारे यंत्र. आलेला डेटा तो सहसा सगळ्यांना वाटत नाही. ज्याचा असेल त्याच्याच पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवर, पोहोचवतो. पाच माणसांच्या कार्यालयात कोणताही आठ पोर्टी स्विच चालून जातो, तिथे निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. माणसे चाळीस-पन्नास होतात, दुसरा मजला किंवा शेजारचा गाळा घेतला जातो, कॅमेरे लागतात, तेव्हा मात्र स्विच चुकीचा निवडला की त्याचा त्रास रोजच्या कामाला होतो. बिल निघायला वेळ लागतो, फोनवरचा आवाज तुटतो, रात्रीचे रेकॉर्डिंग मधूनच गायब होते. दोष बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्याला दिला जातो, आणि खरे कारण कोपऱ्यातल्या रॅकमध्ये तसेच राहते.

पार्श्वभूमी. इथरनेट, म्हणजे स्विच ज्या पद्धतीने यंत्रे केबलने जोडतो ती पद्धत. तिची सुरुवात १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या कामातून झाली. सुरुवातीला सगळी यंत्रे एकाच केबलवर असत. एका वेळी एकानेच पाठवायचे, दोघांनी एकदम पाठवले तर टक्कर होई आणि दोघांनाही पुन्हा पाठवावे लागे. पुढे आलेल्या हबमध्येही, म्हणजे आलेला डेटा सगळ्या पोर्टवर वाटणाऱ्या यंत्रातही, हीच अडचण होती. १९९० मध्ये विनोद भारद्वाज सहसंस्थापक असलेल्या कल्पना या अमेरिकी कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. महाराष्ट्र-गोव्यातील कार्यालयांत वर्षानुवर्षे दिसणाऱ्या डी-लिंकच्या भारतीय कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे.

कार्यपद्धती. प्रत्येक नेटवर्क यंत्राला मॅक पत्ता, म्हणजे ४८ बिटांचा ओळखक्रमांक, असतो. एखाद्या पोर्टवरून डेटा आत आला की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट आपल्या तक्त्यात नोंदवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्यासाठी काही आले तर थेट त्याच पोर्टवर सोडतो. पत्ता तक्त्यात नसेल तर डेटा बाकीच्या सर्व पोर्टवर जातो. बराच वेळ न दिसलेली नोंद पुसली जाते. बहुतेक स्विचमध्ये ही मुदत मूळची ३०० सेकंद असते. लहान स्विचच्या तक्त्यातही सहसा आठ हजार नोंदी मावतात. शंभर-दोनशे यंत्रांच्या व्यवसायाने या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आधी रचना, मग पोर्ट. खरेदीला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पोर्ट किती, हा. पहिला प्रश्न असायला हवा तो स्विच कुठे-कुठे बसणार आणि एकमेकांना कसे जोडले जाणार, हा. बहुतेक ठिकाणी वाढ एकेका टेबलाने होते. पोर्ट संपले की बाजारातून आठ पोर्टी स्विच आणून आधीच्या स्विचला लावला जातो, काही महिन्यांनी त्यालाही आणखी एक. अशी चार-पाच स्विचची माळ तयार झाली की शेवटच्या टेबलावरचा सगळा डेटा मधल्या प्रत्येक स्विचमधून आणि प्रत्येक जोडणीतून जातो. मधला एक ॲडॅप्टर जळाला तरी त्यापुढची सगळी टेबले बंद पडतात. कोणता ॲडॅप्टर, हे शोधायला टेबलाखाली वाकून बघत फिरावे लागते.

सरळ उपाय म्हणजे एक मध्यवर्ती स्विच आणि प्रत्येक मजल्यावरचा किंवा विभागातला स्विच थेट त्यालाच जोडलेला. सर्व्हर, फायरवॉल (बाहेरच्या व आतल्या वाहतुकीवर पहारा ठेवणारे यंत्र) आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, मध्यवर्ती स्विचवर असावेत; कारण बाकी सगळ्यांचा डेटा त्यांच्याकडेच धावतो. ही रचना आज दोन स्विचची असली तरी उद्या सहा स्विचची होताना काही उखडावे लागत नाही. म्हणूनच वाढत्या व्यवसायाने पहिली मोठी रक्कम मध्यवर्ती स्विचवर आणि केबलिंगवर खर्च करावी. टेबलांजवळचे स्विच पुढे बदलता येतात.

या जोडण्यांचा वेग कामावरून ठरतो. भोसरी किंवा चाकणमधला सुट्या भागांचा एखादा कारखाना धरू. डिझाइन विभागातल्या एकाने सर्व्हरवरची २ गिगाबाइटची फाइल १ गिगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला एक अब्ज बिट नेणाऱ्या, पोर्टवरून उघडली तर (एका बाइटमध्ये आठ बिट) साधारण १७ सेकंद लागतात. सकाळी दहा जणांनी अशा फाइली एकदम उघडल्या तर सर्व्हरचा एकच पोर्ट दहा जणांत वाटला जातो आणि प्रत्येकाला तीन मिनिटांच्या आसपास थांबावे लागते. प्रत्येकाच्या टेबलावर गिगाबिट आहे म्हणून तो त्रास टळत नाही. सर्व्हर आणि मजल्यांमधल्या जोडण्या १० गिगाबिटच्या केल्या, आणि सर्व्हरच्या डिस्क तेवढ्या वेगाच्या असल्या, तर वेळ पुन्हा पहिल्यासारखा होतो. त्यासाठी मध्यवर्ती स्विचवर एसएफपी प्लस प्रकारचे, म्हणजे फायबर वगैरेसाठी वेगळा जोडभाग खोचायचे, पोर्ट हवेत. साधे एसएफपी पोर्ट दिसायला तसेच असतात, पण सहसा १ गिगाबिटपर्यंतच चालतात. कोटेशनमध्ये नुसते 'चार एसएफपी' लिहिले असेल तर हा खुलासा आधी मागून घ्यावा.

याउलट, ज्या कार्यालयात टॅली, ईमेल आणि ब्राउझर एवढेच काम आहे तिथे टेबलापर्यंत १ गिगाबिट पुढची कित्येक वर्षे पुरेल. अपवाद नव्या ॲक्सेस पॉइंटचा. वाय-फाय ६ आणि त्यापुढचे काही ॲक्सेस पॉइंट १ गिगाबिटच्या वर जातात, त्यांच्यासाठी २.५ गिगाबिटचे मोजके पोर्ट असलेला स्विच घ्यावा. आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१६ मधील ८०२.३बीझेड मानकामुळे हा वेग जुन्या कॅट ५ई केबलवरही मिळतो, त्यामुळे भिंती फोडाव्या लागत नाहीत.

वीज देणारे पोर्ट. पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे पीओई, स्विच डेटाच्याच केबलमधून वीज देतो. कॅमेरा, फोन, ॲक्सेस पॉइंट यांना वेगळा प्लग लागत नाही आणि स्विच यूपीएसवर असला की वीज गेल्यावरही ते चालू राहतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार पोर्टवर १५.४ वॅट मिळतात, २००९ च्या ८०२.३एटीनुसार, म्हणजे पीओई प्लसनुसार, ३० वॅट, तर २०१८ च्या ८०२.३बीटीनुसार ६० आणि ९० वॅटपर्यंत. केबलमध्ये काही वीज खर्च होते, १५.४ पैकी यंत्रापर्यंत १२.९५ वॅटच धरायचे.

फसगत इथे सर्वांत जास्त होते. खोक्यावर '२४ पोर्ट पीओई प्लस' असते, म्हणून चोवीसही पोर्टवर एकदम ३० वॅट मिळतील असे नाही. तेवढ्यासाठी ७२० वॅट लागतील. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच २४ पोर्टी स्विचचे एकूण पीओई बजेट, म्हणजे सर्व पोर्टना मिळून देता येणारी वीज, ३७० वॅट असते, म्हणजे प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटच. त्याहून कमी बजेटचेही असतात.

वरच्याच कारखान्याचा हिशेब मांडू. १६ कॅमेरे, १२ फोन, ५ ॲक्सेस पॉइंट. इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेऱ्याला ७ वॅट धरले तर ११२, फोनला ५ प्रमाणे ६०, ॲक्सेस पॉइंटला २० प्रमाणे १००. एकूण २७२ वॅट. वर पाव हिस्सा राखीव धरला की ३४०. दिवसा सगळे सुरळीत आणि अंधार पडला की शेवटचे दोन-तीन कॅमेरे बंद, अशी तक्रार आली तर सर्वांत आधी हेच बजेट तपासावे. दिवे लागताच मागणी वाढते आणि स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडतो.

पोर्टचा हिशेब असा : ३० संगणक, १६ कॅमेरे, ५ ॲक्सेस पॉइंट, ४ प्रिंटर, २ हजेरीयंत्रे, सर्व्हर आणि एनव्हीआर मिळून ५९. संगणकासाठी मागे दुसरा पोर्ट असलेले फोन घेतले तर त्यांना वेगळे पोर्ट लागत नाहीत. फोन आणि संगणक एकाच केबलवर बसतात. त्यावर पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा तर ७१, म्हणजे २४ पोर्टचे तीन स्विच. तिन्ही पीओईचे घेण्याची गरज नाही. कॅमेरे व ॲक्सेस पॉइंट एका पीओई स्विचवर, फोन दुसऱ्यावर, तिसरा साधा, एवढ्यावर भागते.

माहितीपत्रकातले आकडे. स्विचिंग कपॅसिटी म्हणजे सर्व पोर्ट दोन्ही दिशांनी पूर्ण भरून वाहिले तरी स्विचला पेलेल अशी एकूण क्षमता. १ गिगाबिटचे २४ पोर्ट आणि १० गिगाबिटचे ४ पोर्ट मिळून ६४, त्याची दुप्पट १२८ गिगाबिट प्रतिसेकंद. माहितीपत्रकात एवढाच किंवा जास्त आकडा असेल तर स्विच पोर्टना अडवणार नाही. पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा, दर गिगाबिटला सुमारे १.४९ दशलक्ष प्रतिसेकंद धरतात. वरच्या उदाहरणात तो ९५ दशलक्षांच्या थोडा वर येतो. आजचे बहुतेक स्विच ही अट पुरी करतात, त्यामुळे दोन कोटेशनांची तुलना या आकड्यांवरून करण्यात वेळ घालवू नये.

मॅनेज्ड की अनमॅनेज्ड. अनमॅनेज्ड स्विचमध्ये काही ठरवता येत नाही आणि आत काय चालले आहे हे दिसतही नाही. मॅनेज्ड स्विचमध्ये प्रत्येक पोर्टची स्थिती दिसते, पोर्ट बंद-चालू करता येतो, नेटवर्कचे भाग पाडता येतात. पंचवीसेक यंत्रांच्या पुढे अनमॅनेज्ड स्विच घेऊ नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे पहिले कारण लूप, म्हणजे केबलचा बंद वळसा, हे आहे.

सफाईनंतर टेबलाखाली लोंबणारे पॅच कॉर्डचे (जोडणीच्या छोट्या केबलचे) टोक कोणीतरी चांगल्या हेतूने जवळच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचते. दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये असते. सर्वांना उद्देशून निघालेला एक संदेश त्या वळशात शिरतो आणि फिरतच राहतो, कारण इथरनेटच्या चौकटीत, म्हणजे डेटाच्या एकेका तुकड्याच्या वेष्टनात, 'इतक्या फेऱ्यांनंतर संप' असे सांगणारे काही नसते. प्रती वाढत जातात, सर्व स्विचचे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकू लागतात आणि काही सेकंदांत सगळे कार्यालय ठप्प होते. यावरचा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये रचला; वळसा ओळखून तो एक जोडणी रोखून धरतो. २००१ मध्ये आलेली त्याची जलद आवृत्ती जवळजवळ प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये असते. ती चालू आहे ना, आणि टेबलांच्या पोर्टवर लूप अडवण्याची सोय लावली आहे ना, हे बसवणाऱ्याकडून समोर तपासून घ्यावे.

दुसरे कारण व्हीलॅन. ८०२.१क्यू मानकानुसार एकाच स्विचवर कॅमेरे, पाहुण्यांचे वाय-फाय, हिशेब विभाग आणि मशीनशॉपचे नियंत्रक वेगवेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये ठेवता येतात. पाहुण्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस पगारपत्रकाच्या संगणकाकडे सहजासहजी पोहोचत नाही. या भागांमधली वाहतूक थोडी असेल तर ती फायरवॉलवरून नेता येते. भाग बरेच आणि वाहतूक जड झाली की मध्यवर्ती स्विच लेयर ३ चा, म्हणजे या भागांमधली वाहतूक स्वतःच वळवू शकणारा, हवा. बाकीचे लेयर २ चे असले तरी चालते.

तिसरे कारण कायद्याचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे आहेत आणि यंत्रणांची घड्याळे जुळवून ठेवायची आहेत. अनमॅनेज्ड स्विच कोणताच लॉग देत नाही.

केबल आणि जागा. तांब्याच्या केबलवर गिगाबिट १०० मीटरपर्यंत जाते. १० गिगाबिटसाठी कॅट ६ वर साधारण ५५ मीटर आणि कॅट ६ए वर १०० मीटर धरतात. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल पीओईसाठी मुळीच वापरू नये : तिचा रोध जास्त, त्यामुळे ती तापते आणि कॅमेऱ्यापर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही. रोलवर 'शुद्ध तांबे' छापले असले तरी टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरट धातू दिसला तर रोल परत करावा.

दोन इमारतींमध्ये, किंवा गेटवरच्या खांबापर्यंत, फायबरच टाकावी. तांब्याच्या लांब केबलवर पावसाळ्यातल्या विजांचा दाब उतरतो आणि एका कडाक्यात दोन्ही टोकांचे स्विच जातात; काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. रॅकला नीट अर्थिंग नसेल तर महाग स्विचही वाचत नाही.

उष्णतेचा विचार आपल्याकडे विशेष करायला हवा. कार्यालयीन स्विच बहुधा ४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या परिसर तापमानासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद रॅकचे तापमान त्याहून जास्त होते. अशा जागी उणे ४० ते ७५ अंशांत चालणारे, पंखा नसलेले औद्योगिक स्विच घ्यावेत. फाउंड्री, सूतगिरणी, पिठाची गिरणी अशा धूळ-कणांच्या ठिकाणी पंख्याचा स्विच आत कचरा ओढतो. रॅक चांगल्या खोलीत हलवता आला तर उत्तमच. तो उपाय औद्योगिक स्विचपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतो.

खरेदी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले स्विच कमी भावात मिळतात. यंत्र दणकट असते, पण निर्मात्याने त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे थांबवले असेल तर सुरक्षेतली भोके तशीच राहतात. शिवाय असे स्विच आवाज करतात आणि वीज खातात. मध्यवर्ती जागी ते लावू नयेत. नव्या स्विचबाबतही त्या मॉडेलचा सपोर्ट कोणत्या वर्षापर्यंत आहे हे लेखी घ्यावे. क्लाउडवरून चालवायच्या स्विचची वर्गणी पाच वर्षांची धरून किंमत काढावी आणि वर्गणी संपल्यावर स्विच चालतो की थांबतो हे विचारावे. दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

'आजीवन वॉरंटी'मध्ये बदली यंत्र किती दिवसांत येणार ते पाहणे महत्त्वाचे. पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशी येणारा स्विच लातूर-गडचिरोलीला त्याच वेळेत पोहोचेलच असे नाही. तिथे टेबलांजवळच्या स्विचच्याच मॉडेलचा एक जादा स्विच कपाटात ठेवावा, आणि चालू स्विचच्या सेटिंगची प्रत स्विचच्या बाहेर, दोन ठिकाणी जपावी. प्रत्येक पोर्टला कोणती केबल आहे याचा तक्ता रॅकच्या दारावर आतून चिकटवलेला असला तर बदली स्विच बसवणारा माणूस नवखा असूनही अर्ध्या तासात काम उरकू शकतो.