देवमासे आणि डॉल्फिन यांची सामूहिक शिकार

देवमासे आणि डॉल्फिन या सागरी सस्तन प्राण्यांच्या अनेक जाती गटाने, आपापसांत कामे वाटून शिकार करतात. मासे भरपूर असलेल्या जागी सगळ्यांनी जमणे म्हणजे सामूहिक शिकार नव्हे. तीत प्रत्येकाची हालचाल इतरांशी जुळवलेली असते आणि एकट्याच्या आवाक्याबाहेरचे भक्ष्य हाती लागते. या प्राण्यांच्या बुद्धिमत्तेची चर्चा बहुधा मेंदूच्या आकारापासून सुरू होते. खरे तर त्यांची शिकार हा त्याहून बोलका पुरावा आहे.

मेंदू मोठा आहे, हे खरेच. स्पर्म देवमाशाचा मेंदू सुमारे ८ किलो भरतो. प्राणिसृष्टीत तो सर्वांत मोठा. पण त्याचे शरीरही तसेच अवाढव्य असते. शरीराच्या मानाने मेंदू किती मोठा हे पाहिले, तर काही डॉल्फिन माणसाच्या खालोखाल येतात. बॉटलनोज डॉल्फिन आरशातले प्रतिबिंब स्वतःचेच असल्याचे ओळखतात, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. त्यांच्यात प्रत्येकाची स्वतंत्र शिटी असते आणि तीच शिटी ऐकवली की तो डॉल्फिन प्रतिसाद देतो.

ऑर्का म्हणजे किलर व्हेल, डॉल्फिन कुळातील सर्वांत मोठा प्राणी. अंटार्क्टिकातील ऑर्कांची सीलची शिकार फार बारकाईने पाहिली गेली आहे. ऑर्का पाण्याबाहेर डोके उभे काढून बर्फाच्या लाद्यांवर पहुडलेले सील न्याहाळतात. वेडेल सील दिसला की इतरांना बोलावून घेतात, खांद्याला खांदा लावल्यासारखी रांग धरतात आणि लादीच्या दिशेने वेगाने पोहत येतात. अगदी जवळ आल्यावर सगळे एकदम बुडी मारून लादीखालून जातात. त्यांच्या शेपट्यांनी उठलेली लाट लादीवरून धुऊन जाते, कधी लादीच फोडते. सील पडला नाही तर पुन्हा रांग, पुन्हा लाट. मिळालेले मांस वाटून खाल्ले जाते.

आग्नेय अलास्कात हंपबॅक देवमासे हेरिंग या लहान माशांच्या थव्याभोवती बुडबुड्यांचे जाळे विणतात. एक जण खालून वर्तुळात फिरत हवा सोडतो, दुसरा मोठ्याने ओरडतो, बाकीचे देवमासे हेरिंगना वर रेटतात. बुडबुड्यांची भिंत ओलांडायला हेरिंग धजावत नाहीत. कोंडलेला थवा पृष्ठभागाकडे सरकतो आणि सगळे देवमासे जबडे वासून एकाच वेळी वर येतात. फ्लोरिडातील सीडर की येथे बॉटलनोज डॉल्फिनांच्या गटात मासे हाकण्याचे काम दर वेळी ठरावीक डॉल्फिनच करतो, बाकीचे आडवी भिंत धरतात.

ब्राझीलमधील लागुना येथे तर या शिकारीत माणूसही भागीदार आहे. कोळी कमरेएवढ्या पाण्यात पाग (फेकायचे जाळे) घेऊन उभे राहतात. डॉल्फिन बोय मासे त्यांच्याकडे हाकतात आणि पाठ वाकवून किंवा डोके आपटून खूण करतात. त्या खुणेसरशी पाग पडतो. बिथरून सैरावैरा झालेले मासे डॉल्फिनांच्या तोंडी जातात. शंभराहून अधिक वर्षे ही भागीदारी चालू आहे. तेथील सगळेच डॉल्फिन मात्र तीत नाहीत.

यातले बरेचसे कौशल्य जन्मजात नसून शिकलेले असते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील मेन आखातात १९८० साली एक हंपबॅक बुडबुडे सोडण्याआधी शेपटी पाण्यावर आपटताना दिसला. पुढच्या अडीच दशकांत ही लकब तेथील शेकडो देवमाशांत पसरली, आणि ती मुख्यतः सोबत्यांकडून उचलली जाते असे अभ्यासातून दिसले. आर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पात काही ऑर्का किनाऱ्यावर झेपावून सीलची पिल्ले पकडतात. वाळूत अडकून पडण्याचा धोका असल्याने हे तंत्र लहान ऑर्कांना मोठ्यांच्या सोबतीने, वर्षानुवर्षे शिकावे लागते.

ईशान्य पॅसिफिकमध्ये ऑर्कांचे दोन समूह एकाच पाण्यात राहूनही आपसांत प्रजनन करत नाहीत. एक समूह सॅमन मासे खातो आणि मनसोक्त आवाज करतो. दुसरा सील व इतर सागरी सस्तन प्राणी मारतो आणि शिकारीच्या वेळी जवळजवळ मुका राहतो, कारण या भक्ष्याचे कान तिखट असतात. सॅमन खाणाऱ्यांत प्रजननाचे वय उलटलेल्या माद्या पुढे दशकानुदशके जगतात. सॅमनची चणचण असलेल्या वर्षांत कळपाच्या पुढे पोहण्याचे काम या वृद्ध माद्या एरवीपेक्षा अधिक करतात.