गिलाव्याच्या भेगांची घरगुती दुरुस्ती

घराच्या आतील भिंतींच्या व छताच्या गिलाव्यात, म्हणजे प्लास्टरमध्ये, पडलेल्या भेगा उकरून, साफ करून व योग्य मसाल्याने भरून पृष्ठभाग पुन्हा एकसंध करण्याचे काम. भरणे अवघड नसते; भेग कशामुळे पडली हे ओळखणे अवघड असते, आणि दुरुस्तीचा टिकाऊपणा त्यावरच ठरतो.

केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलावा सुकताना आकसल्याने पडतात. मसाल्यात सिमेंट जास्त होणे, क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, भुकटीचे प्रमाण वाढणे किंवा गिलाव्यावर पुरेसे दिवस पाणी न मारणे ही त्याची नेहमीची कारणे होत. काँक्रीटचा कॉलम वीटकामाला मिळतो तेथे सरळ उभी भेग येते. बांधतानाच त्या सांध्यावर कोंबडी जाळी (बारीक तारेची जाळी) ठोकलेली असली, तर ती सहसा टळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग मात्र पाया हलल्याची खूण असू शकते. सांगली, मिरज व वाळवा भागातील कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाचे घर तिच्याबरोबर हलते. अशा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी व निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिच्यावर लक्ष ठेवावे. साताऱ्यातील पाटण परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतरही लहान धक्के जाणवत आले आहेत. तेथे धक्क्यानंतर नव्याने दिसलेली भेग आधी अभियंत्याला दाखवावी.

दिवाळीच्या रंगकामाच्या घाईत भेगा बुजवण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण ती फारशी शहाणपणाची नाही : तेव्हा भिंतीत पावसाळ्याची ओल उरलेली असते, आणि काळ्या मातीवरील घरात तीच भेग उन्हाळ्यात पुन्हा उघडते. फेब्रुवारीनंतरचे कोरडे दिवस या कामाला अधिक योग्य.

भेगेच्या दोन्ही बाजूंना करणीच्या, म्हणजे गवंड्याच्या गिलावा लावण्याच्या हत्याराच्या, मुठीने ठोकून पाहावे. बद्द आवाज आला, तर तेवढा गिलावा विटेपासून सुटलेला असतो व तो काढून नव्याने करावा लागतो. गिलावा घट्ट असल्यास पत्र्याच्या पट्टीच्या कोपऱ्याने भेग थोडी रुंद करावी, कारण अरुंद फटीत मसाला वरच्यावर राहतो. धूळ ब्रशने पूर्ण काढावी. ती राहिली की भरलेला भाग सालीसारखा निघतो. बारीक भेगेला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पुरते, तीही ओलसर केलेल्या भिंतीवर पातळ थरांनी. रुंद किंवा सांध्यावरील भेगेत थोडे ताणले जाणारे ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरावे व वर फायबर जाळीची पट्टी चिकटवावी. सुकल्यावर तोंडाला मास्क लावून पॉलिश पेपरने घासावे आणि प्राइमर देऊनच रंग लावावा, नाहीतर डाग उठून दिसतो. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) लवकर घट्ट होते, म्हणून रंगाऱ्यांना सोयीचे वाटते. ओलीत मात्र ते मऊ पडते. सांगलीत २०१९ च्या पुराचे पाणी शिरलेल्या घरांसारख्या ठिकाणी, जेथे भिंतीला लोणा फुटतो, म्हणजे ओलीबरोबर पांढरे क्षार बाहेर येतात, तेथे पीओपी वापरू नये.

छताच्या भेगेभोवती तांबूस डाग असतील, तर स्लॅबमधील सळई गंजत असण्याचा संभव असतो. ती भेग बुजवल्याने गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. तेथे गळती शोधून अनुभवी माणसाकडूनच काम करून घ्यावे. वाई व साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा मसाला भरू नये, कारण तो चुन्याहून कडक व कमी सच्छिद्र असल्याने ओल आत कोंडते आणि भेगेच्या कडेचा जुना गिलावा सुटू लागतो. तेथे भिजवून मुरवलेला चुना व बारीक वाळू यांचाच मसाला वापरावा.